गाडीच्या एसीतून हवा कमी येत असेल तर: दोष कसा शोधावा आणि दुरुस्त कसा करावा

‘गाडीचा एसी चालत नाही’ या एका वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिलीत डॅशबोर्डवरच्या जाळीतून हवा जोरात येते, पण ती गार नसते. दुसरीत हवाच पुरेशी येत नाही, मग ती कितीही गार असो. पहिल्या तक्रारीचे मूळ गॅस, कॉम्प्रेसर किंवा गाडीच्या पुढच्या बाजूस गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरमध्ये असते. दुसरीचे मूळ बहुतेक वेळा फिल्टर, हवा ढकलणारा पंखा म्हणजे ब्लोअर, त्याची वायरिंग, हवेची वाट बदलणारे डॅशबोर्डच्या आतील फ्लॅप किंवा हवा गार करणारी कूलिंग कॉइल यांपैकी कशात तरी असते. गाडी मालकाने हा भेद स्पष्ट न सांगितल्यास गॅरेजमध्ये पहिला उपाय म्हणून गॅस भरला जाण्याची शक्यता मोठी असते. मग पैसे खर्च होतात आणि हवेचा जोर होता तेवढाच राहतो. हवा ढकलण्याचे काम गॅस करत नाही, ते ब्लोअर करतो. गॅस कमी झाल्यामुळे हवा अडते असा एकच प्रसंग आहे, तो कॉइलवर बर्फ धरण्याचा, आणि त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

हा दोष केवळ उकाड्यापुरता नाही. पावसाळ्यात घाट चढताना समोरची काच आतून धुरकटते, ती साफ ठेवणारी हवा याच ब्लोअरमधून येते. तो अशक्त असेल तर वळणावर रस्ता दिसत नाही. म्हणून उन्हाळा संपला या समाधानात ही दुरुस्ती पुढे ढकलणे योग्य नाही.

हवेचा मार्ग

दोष शोधण्यापूर्वी हवा कोठून कोठे जाते हे डोळ्यांसमोर असले पाहिजे. बाहेरची हवा समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी असलेल्या प्लास्टिकच्या जाळीतून आत शिरते. तेथे एक फ्लॅप असतो. रीसर्क्युलेशनचे बटण दाबले की तो बाहेरचा मार्ग बंद करून गाडीतलीच हवा पुन्हा घेतो. पुढे ब्लोअर असतो, आणि त्याच्या आधी किंवा लगेच नंतर केबिन फिल्टर बसवलेला असतो. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत हे दोन्ही भाग डाव्या बाजूला, ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतात. ब्लोअरने ढकललेली हवा कूलिंग कॉइलच्या बारीक पत्र्यांमधून जाते, तेथून हीटरकडे किंवा त्याला वळसा घालून पुढे सरकते, आणि शेवटी तोंडाकडे, पायाकडे की काचेकडे जायचे हे ठरवणाऱ्या फ्लॅपपाशी पोहोचते. आणखी एक टोक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीत आलेल्या हवेला बाहेर पडण्यासाठी मागच्या बंपरआड किंवा डिकीच्या कडेला रबरी पडद्यांच्या झडपा असतात. त्या बंद झाल्या तर नव्या हवेला आत येण्यास जागाच उरत नाही.

पहिली तपासणी, कोणत्याही हत्याराविना

गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन सुरू करावे, एसी बंद ठेवावा, सर्व जाळ्या पूर्ण उघडाव्यात, हवा तोंडाच्या दिशेने ठेवावी आणि ब्लोअर सर्वांत वरच्या वेगावर न्यावा. एसी मुद्दाम बंद ठेवायचा, कारण त्यामुळे गॅस, कॉम्प्रेसर आणि बर्फ हे तिन्ही प्रश्न बाजूला पडतात आणि फक्त हवेचा मार्ग तपासला जातो. आता कान देऊन ऐकावे. या तपासणीत ब्लोअरच्या आवाजाइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही.

आवाज अजिबात येत नसेल तर दोष विजेचा किंवा मोटरचा आहे. आवाज नेहमीसारखा मोठा आहे पण सर्वच जाळ्यांतून हवा मंद येते, अशा वेळी मार्गात अडथळा आहे. आवाज मोठा आहे, तोंडाकडे हवा नाही, पण पायापाशी किंवा काचेवर हात धरल्यास ती जोरात लागते, असे असेल तर वाट ठरवणारा फ्लॅप अडकला आहे. आणि ब्लोअर फिरतो, पण आवाजच पूर्वीपेक्षा मंद, कण्हल्यासारखा वाटतो, तेव्हा मोटरला पूर्ण वीज मिळत नाही किंवा तिचे बुश (फिरत्या दांड्याला आधार देणारी कडी) झिजले आहेत असे समजावे.

त्यानंतर सगळे वेग एकेक करून लावून पाहावेत, आणि प्रत्येक वेगावर रीसर्क्युलेशनचे बटण चालू-बंद करावे. रीसर्क्युलेशनवर हवा लक्षणीय वाढत असेल तर अडथळा बाहेरच्या जाळीपाशी आहे. दोन्हीकडे सारखीच कमी असेल तर तो फ्लॅपच्या पुढे, म्हणजे फिल्टर, ब्लोअर किंवा कॉइलमध्ये आहे. बाहेरची हवा चालू असताना एक खिडकी चार बोटे उघडून पाहावी. खिडकी उघडताच जाळीतील हवा वाढली तर मागच्या झडपा चिखलाने, डिकीतील सामानाने किंवा नंतर बसवलेल्या अस्तराने बंद झालेल्या आहेत. अंदाजावर विसंबू नये म्हणून टिश्यू पेपरची एक पट्टी प्रत्येक जाळीसमोर धरावी आणि ती किती वर उचलली जाते हे मोबाइलवर टिपून ठेवावे. दुरुस्तीनंतर तीच पट्टी तेथेच धरली की फरक डोळ्यांना दिसतो.

फिल्टर आणि त्याच्या आजूबाजूचा कचरा

सर्व जाळ्यांतून हवा मंद येत असेल तर सुरुवात फिल्टरपासूनच करावी. हा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि त्याची दुरुस्ती सर्वांत स्वस्त आहे. ग्लोव्हबॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की बहुतेक गाड्यांत तो अडकणींतून सुटून खाली झुकतो. एका बाजूला बारीक दोरी किंवा दांडी असल्यास ती आधी हलक्या हाताने सोडवावी. मागे आडव्या झाकणाच्या दोन खिट्ट्या दाबल्यावर फिल्टर खणासारखा बाहेर सरकतो. तो एकदम ओढू नये. वर साठलेला पाला ब्लोअरच्या पंख्यात पडतो आणि मग खरखर सुरू होते. खाली वर्तमानपत्र धरून फिल्टर आडवाच, हळूहळू बाहेर काढावा.

नवा फिल्टर पांढरा असतो, आणि कार्बनचा थर असलेला करडा. जुन्या फिल्टरच्या घड्या धुळीने बुजून एकसंध गादी झालेली असते. त्यात गुलमोहराच्या आणि चिंचेच्या बारीक पानांचा चुरा, पिसे, कधी माशा आणि पाकोळ्या सापडतात. वड-पिंपळाची मोठी पाने बाहेरच्या जाळीवरच अडतात, परंतु चिंच आणि गुलमोहर यांची पाने इतकी लहान असतात की ती जाळीच्या फटींतून थेट फिल्टरवर येतात. म्हणून अशा झाडांखाली रोज उभी राहणारी गाडी फिल्टर लवकर भरवते.

फिल्टर बाहेर असताना खणाचे झाकण लावून ब्लोअर क्षणभर पूर्ण वेगाने चालवून पाहावा. हवा एकदम पूर्ववत झाली तर दोष सापडला. तरीही मंदच राहिली तर नवा फिल्टर घेण्यापूर्वी पुढची तपासणी करावी. फिल्टरविना गाडी रोज चालवू नये, कारण मग तीच धूळ कॉइलच्या ओल्या पत्र्यांवर बसते, आणि ती काढणे फिल्टर बदलण्याच्या अनेक पट महाग पडते.

जुना फिल्टर झटकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून पुन्हा बसवण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. वरवरची धूळ त्याने जाते, पण तंतूंमध्ये खोल रुतलेली धूळ जात नाही, आणि जोराच्या हवेने कागद फाटला तर फिल्टरचा उपयोगच संपतो. तात्पुरती सोय म्हणून ते चालेल. पाण्याने मात्र तो धुऊ नये. साधारणपणे १०,००० ते १५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा फिल्टर बदलावा, आणि कच्च्या रस्त्यांवर किंवा बांधकामांच्या परिसरात गाडी फिरत असेल तर त्याआधीच. नव्या फिल्टरच्या कडेवर बाण असतो. तो हवेच्या प्रवाहाची दिशा दाखवतो की वरची बाजू, हे त्यावरील शब्दांवरून आणि गाडीच्या पुस्तिकेतून खात्री करून घ्यावी. फिल्टर आत सरकवताना मध्ये दुमडला तर कडेने धूळ निसटते, म्हणून तो सपाट बसला हे बोटाने चाचपून पाहावे.

कमी किमतीच्या अनेक मॉडेलमध्ये कंपनीने फिल्टरची जागा ठेवलेली असते, पण फिल्टर दिलेला नसतो. अशा गाडीच्या मालकाने वर्षानुवर्षे सर्व्हिसिंग नियमित केले तरी धूळ थेट कॉइलवर जात राहते. आपल्या मॉडेलला फिल्टर बसतो का, हे सुट्या भागांच्या दुकानात गाडीचे वर्ष आणि प्रकार सांगून विचारावे. बसत असेल तर तो बसवून घ्यावाच.

बाहेरच्या जाळीची सफाई बॉनेट उघडून हाताने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने करावी. पाण्याचा जोरदार फवारा तेथे मारू नये, कारण पाला आणखी आत ढकलला जातो आणि पाणी ब्लोअरपर्यंत पोहोचू शकते. जाळीखालच्या पन्हळीला पाणी जाण्यासाठी भोके असतात. तांब्याभर पाणी हळूच ओतले असता ते पुढच्या चाकांच्या आसपास खाली गळाले पाहिजे. ते साचून राहिले तर भोके बुजली आहेत, आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते पाणी आत उतरून मोटर जाम होण्याचा धोका आहे.

गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर उंदरांचा विचार करावा. फिल्टरच्या खणात आणि पंख्याच्या कोठीत ते कापूस, स्पंज, कागद यांचे घरटे करतात. मास्क आणि रबरी हातमोजे घालूनच ते काढावे, आधी जंतुनाशक शिंपडून ओले करावे, आणि कोरडी घाण हवेने कधीही फुंकू नये. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात, त्यामुळे ही काळजी घेतलीच पाहिजे. वायरी कुरतडल्या आहेत का हेही त्याच वेळी पाहावे.

ब्लोअर: वीज आणि मोटर

येथून पुढे हात घालण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि काही मिनिटे थांबावे. ग्लोव्हबॉक्सच्या वरच एअरबॅग असते. तिच्या वायरी आणि त्या जोडणारे कपलर बहुधा पिवळे असतात, त्यांना हात लावू नये, आणि टेस्ट लॅम्प (वीज तपासण्याचा दिवा) तर मुळीच लावू नये. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी केबल दिसतात. त्यांत जीवघेणा व्होल्टेज असतो, म्हणून त्या भागाचे काम प्रशिक्षित माणसाकडेच सोपवावे. ज्या तपासणीला वीज लागते तेवढ्यासाठीच वायर पुन्हा जोडावी.

ब्लोअर पूर्ण बंद असल्यास प्रथम फ्यूज पाहावा. तो सामान्यतः २० ते ४० ॲम्पिअरचा असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा घालावा, मोठा घालू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कोठे तरी बॉडीला टेकली आहे.

फिरत्या बटणाच्या साध्या एसीत १, २ आणि ३ हे वेग बंद पडले आणि फक्त ४ चालतो, असे झाले तर दोष जवळजवळ निश्चितपणे रेझिस्टरचा, म्हणजे वीज कमी करून वेग घटवणाऱ्या भागाचा, असतो. खालच्या वेगांवर वीज रेझिस्टरमधून जाते, वरच्या वेगावर ती थेट मोटरला मिळते. रेझिस्टर ब्लोअरजवळच दोन स्क्रूंवर बसवलेला असतो आणि त्याचे तापणारे वेटोळे मुद्दाम हवेच्या मार्गात ठेवलेले असते, म्हणजे ते थंड राहावे. फिल्टर तुंबल्यामुळे हवा कमी झाली की हेच वेटोळे अधिक तापते आणि त्यावरचे संरक्षक जोड वितळते. म्हणून रेझिस्टर बदलताना फिल्टर पाहणे ओघानेच आले. कपलर काढून त्याच्या पिना पाहाव्यात. प्लास्टिक तपकिरी झाले असेल किंवा वितळून पिनेला चिकटले असेल, तर कपलरसुद्धा बदलावा लागेल. तसे न केल्यास नवा रेझिस्टर काही महिन्यांतच पुन्हा जळण्याची शक्यता असते.

रेझिस्टर वारंवार जळणे हे मोटर जास्त वीज ओढत असल्याचेही लक्षण आहे. मोटर पूर्ण वेगावर १० ॲम्पिअरहून अधिक करंट सहज घेते आणि साध्या मल्टिमीटरची मर्यादा साधारण तेवढीच असते, त्यामुळे हे माप वायरीभोवती अडकवण्याच्या डीसी क्लॅम्प मीटरनेच घ्यावे. ऑटोमॅटिक एसीत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. ते बिघडले की ब्लोअर कधी बंद पडतो, तर कधी सतत पूर्ण वेगाने फिरत राहतो.

मोटरपाशी व्होल्टेज मोजताना कपलर जोडलेलाच ठेवून मागून टोके लावावीत, आणि मोजमाप मोटरच्या दोन वायरींमध्ये करावे, एका वायरीपासून बॉडीपर्यंत नव्हे. अनेक गाड्यांत वेगाचे नियंत्रण अर्थिंगच्या, म्हणजे बॉडीशी जोडलेल्या वायरीच्या, बाजूला असते, त्यामुळे बॉडीशी तुलना केल्यास मोटर बंद असतानाही १२ व्होल्ट दिसतात आणि दिशाभूल होते. इंजिन चालू, वेग सर्वांत वरचा, आणि दोन वायरींमध्ये १३ व्होल्टच्या आसपास दाब असूनही मोटर फिरत नसेल, तर ती बिघडलेली आहे. ९ किंवा १० व्होल्टच दिसत असतील तर रिले (विजेने चालणारा स्विच), कपलर किंवा अर्थिंगचा जोड गंजलेला आहे. तो घासून घट्ट केल्यावर हवा वाढते, नवी मोटर लागत नाही. थांबलेल्या मोटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यावर ती फिरू लागली तर आतले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजले आहेत. अशी मोटर थोडे दिवस चालते, पण तिच्यावर भरवसा ठेवून लांबच्या प्रवासाला निघू नये.

मोटर साधारणपणे तीन स्क्रूंवर बसवलेली असते. ती खाली उतरवल्यावर पंखा हाताने फिरवून पाहावा. तो मुक्तपणे, आवाज न करता फिरला पाहिजे. पंख्याच्या वाकड्या पात्यांच्या पोकळ बाजूंत धुळीचे थर बसलेले दिसतात, आणि येथे नेहमी फसगत होते. पंखा नेहमीच्याच वेगाने फिरतो, आवाजही येतो, पण पाती भरल्यामुळे तो हवा उचलूच शकत नाही. जुन्या टूथब्रशने एकेक पाते घासावे, आणि पंख्यावर समतोलासाठी लावलेली बारीक क्लिप असल्यास ती हलवू नये. नवी मोटर बसवून घेतल्यानंतर हवा मंद झाली असेल तर दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत का ते पाहावे. या प्रकारचा पंखा उलटा फिरला तरी हवा पुढेच ढकलतो, फक्त फार कमी, त्यामुळे ही चूक लवकर उमगत नाही.

सुरुवातीला हवा ठीक, अर्ध्या तासाने बंद

एसी लावून मोठा प्रवास सुरू केला, पहिला अर्धा तास सगळे उत्तम चालले, मग ब्लोअरचा आवाज तसाच असताना हवा कमी कमी होत गेली, आणि गाडी थोडा वेळ उभी केल्यावर पुन्हा सुरळीत झाली, अशी तक्रार असल्यास कॉइलवर बर्फ धरतो आहे. कोकणातील दमट हवेत किंवा पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर सलग चालवताना हे विशेष दिसते. हवेतील बाष्प कॉइलवर गोठते, पत्र्यांमधील फटी बर्फाने भरतात आणि हवेला वाट उरत नाही. एसी बंद करून ब्लोअर तसाच चालू ठेवल्यास दहा-पंधरा मिनिटांत हवा परत येते आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी गळते. ही खूण पटली तर निदान पक्के समजावे.

कॉइल शून्य अंशाजवळ आली की तेथील सेन्सर कॉम्प्रेसरला थांबवतो. तो सेन्सर बिघडला किंवा आपल्या जागेवरून निसटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. गॅस कमी असेल तर कॉइलमधील दाब उतरून तापमान शून्याखाली जाते. आणि तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी पडली तरीही बर्फ धरतो. त्यामुळे गॅसची तपासणी करून घ्यावी, पण फिल्टर आणि सेन्सर पाहिल्यानंतर. गॅस कमी निघाला तर आधी गळती शोधून घ्यावी. एसीच्या पाइपांचे जोड घरी सोडू नयेत, कारण आतला गॅस दाबाखाली असतो आणि त्वचेवर उडाल्यास ती भाजल्यासारखी इजा करतो.

हवा भलतीकडे जाते

दिशेचे बटण फिरवताना डॅशबोर्डच्या आतून टकटक असा आवाज येत राहिला तर फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरचे, म्हणजे ॲक्च्युएटरचे, दाते तुटलेले असतात. साध्या एसीत हेच काम लोखंडी केबल करते. ती खिटीतून निसटली की बटण हलके, पकड नसल्यासारखे फिरते. पायाच्या जागेतून टॉर्च लावून पाहिल्यास ती बहुधा दिसते आणि हातानेच पुन्हा अडकवता येते. ऑटोमॅटिक एसीत बॅटरी काढून जोडल्यानंतर फ्लॅपची जागा चुकली असेल तर पुस्तिकेतील रीसेटची पद्धत वापरावी. एकाच जाळीतून हवा येत नसेल तर त्या जाळीचे चाक, तिच्यात पडलेली नाणी किंवा सुगंधी डबीचे तुटलेले तुकडे पाहावेत.

कॉइल तुंबली असेल तर

फिल्टर नवा, पंखा स्वच्छ, मोटरला पूर्ण वीज, फ्लॅप बरोबर, आणि तरीही सर्व जाळ्यांतून हवा मंद, असे असेल तर कॉइल तुंबली आहे. सोबत कुबट वास असेल तर शंकेला जागा राहत नाही. रेझिस्टर काढल्यावर उरणाऱ्या भोकातून किंवा फिल्टरच्या खणातून मोबाइलला जोडण्याचा स्वस्त कॅमेरा आत सोडून पाहता येते. पत्र्यांवर करड्या लोकरीसारखा थर दिसेल. थर पातळ असल्यास कॉइलसाठीचा फोम क्लीनर नळीने फवारावा, डब्यावर सांगितला आहे तितका वेळ थांबावे आणि गाडीखाली मळकट पाणी गळते का ते पाहावे. पाणी बाहेर न पडता पुढच्या सीटपाशी गालिचा ओला झाला तर निचऱ्याची नळी बुजली आहे, ती आधी मोकळी करावी. थर जाड असेल तर फोमने तो अर्धवट सुटून खोल फटींत आणखी घट्ट बसू शकतो. अशा वेळी कॉइल बाहेर काढून धुणे हाच खरा उपाय आहे.

त्यासाठी पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि गॅस काढून पुन्हा भरावा लागतो, म्हणून हे काम एसीच्या अनुभवी मेकॅनिककडेच द्यावे. देताना फक्त ‘एसी चालत नाही’ असे न सांगता, कोणत्या वेगावर, कोणत्या जाळीतून, किती वेळाने हवा कमी होते आणि फिल्टर काढल्यावर काय फरक पडला, हे लिहून द्यावे. डॅशबोर्ड उघडलेला असतानाच हीटर, निचऱ्याची नळी, सेन्सर आणि फ्लॅपचे फाटलेले स्पंज तपासून बदलून घ्यावेत, कारण तीच मजुरी दुसऱ्यांदा देण्याची वेळ येऊ नये. गाडी ताब्यात घेताना एसी बंद आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून टिश्यूची पट्टी प्रत्येक जाळीसमोर धरावी, मोबाइलवरील नोंदीशी ताडून पाहावे, आणि मगच पैसे चुकते करावेत.